मोबाइलवरचा गृहपाठ

शाळकरी मुलांच्या हाती मोबाइल आला तो बराचसा शाळेच्याच निमित्ताने. मार्च २०२०मध्ये कोविडमुळे शाळा बंद झाल्या आणि गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊ लागला. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळकरी मुलांच्या घरांपैकी २०१८मध्ये सुमारे ३६ टक्के घरांत स्मार्टफोन होता, २०२०मध्ये हे प्रमाण ६२ टक्क्यांच्या आसपास गेले. शाळा पुन्हा भरल्या, तरी गृहपाठाची ती पद्धत अनेक ठिकाणी टिकून राहिली. ‘असर २०२४’मध्ये १४ ते १६ वयोगटातील स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरल्याचे सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के होती.

उदाहरणार्थ, मुंबई-नागपूर लोहमार्गावरील धामणगाव रेल्वे हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव. अशा गावातल्या शाळेत आसपासच्या खेड्यांतूनही मुले येतात. घरात फोन एकच असेल, तर तो दिवसभर वडिलांसोबत वावरात असतो. दुपारी पाठवलेला गृहपाठ मुलाला दिसतो दिवेलागणीनंतर. गृहपाठ उतरवून झाला तरी फोन हातातच राहतो. मग रील किंवा गेम सुरू होतो आणि झोप लांबते. पडद्याच्या प्रकाशाने झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा स्रवते, पाहिलेल्या गोष्टींची उत्तेजना त्यात भर घालते. दिवसभरात शिकलेले स्मरणात पक्के होण्याचे काम बरेचसे झोपेत होते. त्यामुळे अपुऱ्या झोपेचा फटका आदल्या दिवसाच्या धड्याला बसतो आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या तासालाही.

दुसरा परिणाम लक्षावर होतो. ‘पिसा २०२२’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत भारत नव्हता. मात्र ‘ओईसीडी’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सदस्य देशांतील सरासरी ६५ टक्के विद्यार्थ्यांनी गणिताच्या काही तासांना तरी उपकरणांमुळे लक्ष विचलित होत असल्याचे सांगितले. त्याच चाचणीत शाळेत दिवसाला तासभरापर्यंत शिकण्यासाठी उपकरण वापरणाऱ्यांचे गणिताचे गुण मुळीच न वापरणाऱ्यांपेक्षा सरासरी १४ने अधिक होते. हा केवळ सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. तरीही वापराचा हेतू आणि मर्यादा महत्त्वाची, एवढे त्यातून दिसते. इंग्लंडमधील चार शहरांच्या शाळांचा एक अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार शाळेत फोनबंदी केल्यावर सर्वाधिक प्रगती मागे पडलेल्या मुलांची झाली. हुशार मुलांच्या गुणांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे फोनमुळे होणारे नुकसान सर्वांना सारखे नसते. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला ते अधिक सोसावे लागते.

महाराष्ट्रातील दोन गावांनी यावर वेगवेगळे उपाय योजले. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सीच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे त्याच वर्षी स्वातंत्र्यदिनापासून रोज सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास गावातले टीव्ही व मोबाइल बंद राहू लागले. बंदीत मुलांवर नजर ठेवावी लागते. ठरावीक वेळेचा नियम मोठ्यांनाही लागू असल्याने पाळायला सोपा जातो, शिवाय अभ्यासाची वेळ आपोआप ठरते.

शाळेच्या हाती असलेले उपाय याहून साधे आहेत. गृहपाठ सुट्टीची घंटा होण्यापूर्वी फळ्यावर लिहून वहीत उतरवून घ्यावा. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोडवरचे व्हिडिओ शक्यतो वर्गातच एकत्र दाखवावेत. घरी पाहायला सांगायचे असल्यास नेमका भाग, लागणारा वेळ आणि पाहून झाल्यावर वहीत काय लिहायचे, हे आधीच सांगावे. पालकांना पाठवायचे निरोप सायंकाळी ७ नंतर पाठवू नयेत. पालकसभेत मुलाच्या गुणांबरोबर त्याच्या झोपेची वेळही विचारावी आणि रात्री फोन मुलाच्या अंथरुणापासून दूर, मोठ्यांकडे ठेवण्याचे ठरवून घ्यावे.