आधी शिजवा, मग वाढा

कच्ची चकली ताटात वाढून 'आता खाऊन घ्या, पुढल्या महिन्यात ती कुरकुरीत होईल' असे पाहुण्यांना सांगणारी गृहिणी महाराष्ट्रात अजून जन्माला यावयाची आहे. चकली मऊ पडली तर ती बिचारी स्वतःशीच शरमते. तेल नीट तापले नव्हते की भाजणीत काही कमी पडले, याचा विचार करीत बसते, आणि तो डबा निदान पाहुण्यांपुढे तरी येऊ देत नाही. पण वीस-बावीस हजार रुपये मोजून घेतलेला स्मार्टफोन तव्यासारखा तापू लागला, बोलता बोलता बंद पडला किंवा त्याच्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ उमटली, तर तो बनविणाऱ्या कारखानदाराला असली शरम वाटत नाही. 'अपडेट येईल' एवढे दोन शब्द तो उच्चारतो, आणि आपण ते देवळातल्या तीर्थासारखे ओंजळीत घेतो. या तीर्थाविरुद्ध मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

निमित्त घरचेच आहे. माझ्या फोनला सहा वर्षे झाली. सकाळी भरलेली त्याची बॅटरी शाळेची मधली सुट्टी होईपर्यंत मान टाकते. तेव्हा या दिवाळीत नवा फोन घ्यावा असे घरात ठरले. नेमका याच सुमारास एका बड्या कंपनीचा नवा फोन बाजारात आला. किंमत चोवीस हजार. आमच्या शाळेतले तरुण शिक्षक अशा बाबतीत फार जाणते. त्यांनी सांगितले की फोटो सुरेख येतात, परंतु दहा मिनिटे बोलले की पाठ तापते, आणि अधूनमधून हा फोन आपला आपण बंद होऊन पुन्हा सुरू होतो. कंपनीला हे ठाऊक आहे. तिने दुरुस्ती पाठविण्याचे कबूल केले आहे. "मग घेऊन टाका की सर! दुरुस्ती तर येणारच आहे," असा त्यांचा निर्वाळा.

मी तो फोन घेणार नाही. नुसता हा निर्णय कळविण्यासाठी दिवाळी अंकाची पाने अडविण्याचा मला अधिकार नाही, हे मी जाणतो. पण त्यामागची कारणे माझी एकट्याची नाहीत. ती ज्या ज्या घरात या दिवाळीत असा विचार चालला असेल त्या प्रत्येक घराची आहेत.

फोनमधील दोष ही काही रिकामटेकड्यांची कुरकुर नव्हे. ऑगस्ट २००७ मध्ये नोकिया कंपनीने जाहीर केले की, मात्सुशिता या जपानी कंपनीने तिच्यासाठी बनविलेल्या बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंग करताना प्रमाणाबाहेर तापण्याचा संभव आहे. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना आठवेल. लोक नखाने फोनचे झाकण उघडून बॅटरीवरचा क्रमांक वाचीत होते. कंपनीने दोष उघड सांगितला आणि बॅटरी फुकट बदलून दिली. आज ते झाकणच नाहीसे झाले आहे. फोनची पाठ गोंदाने चिकटविलेली असते, आणि आत काय शिजते आहे ते मालकाला दिसण्याची सोय उरलेली नाही.

पुढे २०१० मध्ये आयफोन ४ निघाला. त्याची डावी खालची कड हाताने झाकली गेली की सिग्नल कमी होई. जगभर ओरड झाल्यावर कंपनीने गिऱ्हाइकांना फुकट कव्हर वाटले. आणि २०१६ सालचे गॅलेक्सी नोट ७ चे प्रकरण तर सर्वांच्या स्मरणात असेल. १९ ऑगस्टला विक्री सुरू झाली. फोन पेट घेऊ लागले म्हणून २ सप्टेंबरला सॅमसंगला ती थांबवावी लागली, आणि सुमारे २५ लाख फोन परत घेण्याची घोषणा करावी लागली. त्यांच्या जागी जे दिले ते 'सुरक्षित' फोनही पेटले, आणि ११ ऑक्टोबरला कंपनीने त्या फोनचे उत्पादन कायमचे बंद केले. भारतात तर विक्री सुरू होण्यापूर्वीच ती पुढे ढकलली गेली होती, आणि आपल्या नागरी विमान वाहतूक खात्याला प्रवाशांनी हा फोन विमानात सुरू करू नये असे बजावावे लागले होते. जानेवारी २०१७ मध्ये चौकशीचा निष्कर्ष आला : बॅटऱ्या दोन कारखान्यांच्या होत्या, आणि दोन्हींत वेगवेगळे दोष होते. दुरुस्ती म्हणून जे हाती ठेवले जाते ते दुरुस्त असतेच असे नाही, हा त्या प्रकरणाचा धडा आहे.

'पण गुरुजी, बॅटरी वेगळी आणि सॉफ्टवेअर वेगळे. सॉफ्टवेअर घरबसल्या सुधारते,' असे कोणी म्हणेल. सुधारते, हे खरे. पण ज्या वाटेने औषध येते त्याच वाटेने दुखणेही येते. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीतील स्पर्धा-नियामक संस्थेने अ‍ॅपलला १ कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. या कंपन्यांनी पाठविलेल्या अपडेटमुळे लोकांचे जुने फोन मंदावले, आणि याची पुरेशी कल्पना त्यांना आधी दिली नव्हती, असा तिचा ठपका होता. म्हणजे अपडेट हा काही अमृताचा थेंब नव्हे. आपल्या घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती ठेवण्याचा तो प्रकार आहे. तो भला निघाला तर झाडलोट करून जाईल, नाही तर भांडी हलवून ठेवील.

आमच्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, तरी बाजाराची रीत जुनीच आहे. नेवासे तालुक्यातल्या घोडेगावचा जनावरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. म्हैस घ्यावयास गेलेला शेतकरी आधी तिचे दात पाहतो, कितवे वेत ते विचारतो, तिला चालवून बघतो, आणि चारी सडांची धार स्वतः काढल्याशिवाय पैशाची गोष्ट बोलत नाही. एखादा सड बाद असला तर व्यवहार मोडतोच असे नाही. 'तीन सडांची आहे' असे विकणारा सांगतो, किंमत उतरते, आणि गरजू माणूस ती म्हैस आनंदाने घरी नेतो. पण उद्या एखादा व्यापारी उभा राहून म्हणाला की, 'चारी सडांचे पैसे आज मोजा. तीन सडांची धार घरी न्या. चौथ्या सडाचे दूध दोन महिन्यांनी आम्ही वरून सोडू,' तर? भर बाजारात त्याचे हसे होईल. परंतु हीच भाषा टापटिपीच्या दुकानात, थंडगार हवेत, गळ्यात ओळखपत्र अडकविलेला तरुण बोलला म्हणजे आपण मान डोलावतो आणि वर हप्त्यांच्या कागदावर सही करतो!

माझे म्हणणे एवढेच आहे. वस्तूत खोड असणे हे पाप नव्हे. माणसाच्या हातची कोणती वस्तू निर्दोष आहे? माझ्या कादंबऱ्याही नाहीत. खोड लपविणे, किंवा ती ठाऊक असूनही पुरी किंमत घेणे आणि दुरुस्तीचे काम उपकार म्हणून मिरविणे, हे पाप आहे. खोड सांगून स्वस्तात विकलेला फोन घेणारा माणूस शहाणा ठरू शकतो. पुऱ्या किमतीत आश्वासन विकत घेणारा मात्र फोन घेतच नाही. तो कंपनीला बिनव्याजी कर्ज देतो आणि शिवाय तिचा बिनपगारी तपासनीस होतो.

शहरातल्या सुखवस्तू वाचकांना वाटेल, एवढा आरडाओरडा कशासाठी? फोन बिघडला तर दुसरा वापरावा! त्यांना आमच्याकडची हकीकत सांगतो. माझ्या वर्गातील एका मुलीच्या वडिलांनी कांद्याची पट्टी हातात पडताच घरातला पहिला चांगला फोन घेतला. मुलीचा अभ्यास, बँकेचा ओटीपी, आजीच्या औषधांचा कागद, सारे त्याच एका फोनवर. त्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झालेली. शेतकऱ्याने बांधावर उभे राहून, फोनवर पिकाचा फोटो काढून सातबाऱ्यावर त्याची नोंद स्वतः करावयाची. हा गृहस्थ रानात उभा राहिला की ऊन आणि फोन दोन्ही तापत, आणि कॅमेरा उघडला की फोन मिटून जाई. दुकानदाराने त्याला नगरच्या सेवा केंद्राची वाट दाखविली. एसटीने तीन खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला उत्तर एकच : "पुढल्या अपडेटची वाट पाहा." अखेर शेजाऱ्याचा फोन मागून त्याने नोंद केली. मुदतीला दोन दिवस उरले होते. नोंद राहिली असती तर नुकसानभरपाईच्या वेळी त्याच्या कपाशीला कागदावर अस्तित्वच नव्हते. ज्या घरात फोन एकच असतो त्या घरात त्याचा दोष हा घरातल्या प्रत्येक माणसाचा दोष होऊन बसतो. अपडेटची वाट पाहणे श्रीमंताला परवडते. पीक, परीक्षा आणि आजार वाट पाहत नाहीत.

आता दुसऱ्या बाजूचे एक म्हणणे मी प्रामाणिकपणे मांडतो. सगळेच थांबले तर नवी वस्तू घेणार कोण, आणि तिच्यातले दोष कळणार तरी कसे? प्रश्न बरोबर आहे. उत्तरही सोपे आहे. दोष शोधणे हे कारखान्याचे काम आहे, आणि त्यासाठी त्याने पगारी माणसे ठेवावीत. ज्यांना हौस आहे आणि ज्यांच्या कपाटात दुसरा फोन आहे, त्यांनी पहिल्या दिवशी रांग जरूर लावावी; हौसेला मोल नसते. पण कांद्याच्या पट्टीतून किंवा मास्तरच्या पगारातून पाच वर्षांनी एकदा फोन घेणाऱ्याने पहिल्या रांगेत उभे राहण्याचे कारण नाही. तीन महिने थांबावे. तोवर दोष दुरुस्त झाला तर फोन घ्यावा. बहुधा किंमतही थोडी खाली आलेली असते. नाही झाला, तर आपले चोवीस हजार आपल्या खिशात आहेत.

ओरडून काही होत नाही, असे म्हणून हात झटकणारेही भेटतात. होते! पडद्यावरच्या त्या हिरव्या रेघेबद्दल भारतातल्या गिऱ्हाइकांनी इतका कोलाहल केला, की वनप्लस कंपनीला २०२४ मध्ये अशा पडद्यांसाठी आजीवन हमी जाहीर करावी लागली. आणि आपण महाराष्ट्रीयांनी तर हे विसरूच नये. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली ती १९७४ साली. देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला तो त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये. २० जुलै २०२० पासून त्याच्या जागी नवा कायदा अमलात आला आहे. त्यात पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. सदोष वस्तू पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीही तशीच प्रथा. तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते; कंपनीच्या गावी खेटे घालण्याची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. उसाच्या काट्यात दहा किलोंचा फरक पडला तर कारखान्याच्या दारात ठिय्या देणारे आम्ही नगरी लोक, हातातल्या फोनच्या बाबतीत इतके गरीब गाय का होतो, हे मला कळत नाही.

तेव्हा या दिवाळीत दुकानाची पायरी चढणाऱ्यांना माझी विनंती आहे. जाहिरातीतल्या नटाकडे पाहू नका. तोच फोन महिनाभर वापरलेल्या माणसाला गाठा आणि विचारा. दुकानात फोन हातात घेऊन दहा मिनिटे बोला. कॅमेरा उघडून ठेवा. पाठीला हात लावून पाहा. दुकानदाराने 'अपडेट येईल' म्हटले तर त्याला शांतपणे सांगा, 'पावतीवर तारीख घालून लिहून द्या.' तो लिहून देणार नाही. म्हणजेच तुम्हाला तुमचे उत्तर मिळाले. घरातली मुले रुसतील. त्यांना फराळाच्या ताटावर बसवून समजावून सांगा की नवी वस्तू घेणे हा जसा आनंद आहे, तसा नको ती वस्तू नाकारणे हाही एक रुबाब आहे.

कायदा आपल्या पाठीशी आहे, पण तो पैसे गेल्यानंतर धावतो. पैसे जाण्याआधी धावून येणारी शक्ती एकच : न उघडलेले पाकीट. ज्या दिवशी दहा हजार घरांतील पाकिटे एकाच वेळी 'आधी शिजवा, मग वाढा' म्हणून मिटलेली राहतील, त्या दिवशी कारखान्यातल्या चुली नीट पेटतील याविषयी मला शंका नाही.