गांव गेलें, आठवण राहिली

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यांत टाइनहॅम नांवाचें खेडें आहे. आहे म्हणावयाचें, पण तेथें आज कोणीहि राहत नाहीं. १९४३ सालच्या नोव्हेंबरांत हुकूम आला: लष्कराच्या सरावासाठीं जमीन हवी, महिन्याभरांत घरें मोकळीं करावीं. नाताळच्या तोंडावर सुमारें २२५ माणसें निघून गेलीं. जातांना चर्चच्या दारावर त्यांनीं चिठ्ठी लावली. घरें जपा, आम्ही एक दिवस परत येऊं, असा तिचा आशय होता.

युद्ध संपलें, परत येणें घडलें नाहीं. १९४८ सालीं सरकारनें ती जमीन सक्तीनें कायमची घेतली. बहुतेक गांवकरी कुळें होतीं. त्यांच्या पदरीं परसांतल्या भाजीपाल्याची भरपाई तेवढी पडली.

आज घरांच्या भिंती छपरांवांचून उभ्या आहेत. जुनी शाळा मात्र जतन केली असून तेथें मुलांच्या नांवांच्या खुंट्या दिसतात. चर्चमध्यें गांवकऱ्यांच्या आठवणी मांडल्या आहेत. सराव नसेल त्या दिवशीं लोक त्या वाचावयास येतात.

वाचकहो, त्या माणसांजवळ ना जमीन होती, ना घराचा कागद. सांगण्यासारख्या आठवणी तेवढ्या होत्या. त्यांनीं त्या सांगितल्या, कोणीं तरी लिहून ठेवल्या, म्हणून गांव उरलें. आपल्या घरांतहि आजी मूळ गांवच्या वाड्याची गोष्ट सांगत असतील. येत्या सुटींत एखाद्या नातवानें वही घेऊन त्यांच्याजवळ बसावें. घर सरकार घेतें, आठवण मात्र आपल्याच आळसानें जाते.