व्यापारचिन्हांची शर्यत : आकडा चीनचा, प्रश्न आपला

चेन्नईच्या गिंडी भागातील बौद्धिक संपदा भवनात दोन महत्त्वाच्या नोंदवह्या सांभाळल्या जातात. पहिली साऱ्या देशाच्या भौगोलिक निर्देशांकांची. पैठणी, कोल्हापुरी चप्पल व हापूस यांच्या नावांवर कायद्याची मोहोर उमटली ती येथेच. दुसरी दक्षिणेकडील राज्यांतून येणाऱ्या व्यापारचिन्हांची. या दुसऱ्या नोंदवहीचा फुगता आकार हा औद्योगिक प्रगतीचा पुरावा म्हणून दिल्लीत वारंवार पुढे केला जातो. त्यासाठी चीनशी तुलनाही होते. ती डोळसपणे होणे आवश्यक आहे.

१९९९ चा व्यापारचिन्ह कायदा १५ सप्टेंबर २००३ रोजी अमलात आला. त्या वर्षी देशात लाखाच्या आत अर्ज आले होते. २०२२-२३ मध्ये ती संख्या साडेचार लाखांपलीकडे गेली. चीनचा आधुनिक कायदा १९८३ पासून लागू झाला. तेथे २०१० मध्ये वर्षाला दहा लाखांचा, तर २०१७ मध्ये पन्नास लाखांचा टप्पा ओलांडला गेला. जागतिक बौद्धिक संपदा संघटना अर्जांऐवजी त्यांतील वर्ग मोजते, कारण एका अर्जात किती वर्ग मागता येतात याचे नियम देशोदेशी भिन्न आहेत. या मापाने २०२३ मध्ये चीनमध्ये सुमारे ७४ लाख, तर भारतात सुमारे ५.२ लाख वर्गांची मागणी झाली. भारताचा क्रमांक जगात चौथा. पण चीनशी अंतर चौदा पटींचे.

लोकसंख्या जवळजवळ सारखी असताना ही तफावत केवळ उद्यमशीलतेची मानता येणार नाही. चीनमध्ये जो प्रथम अर्ज करील त्याचा हक्क, हे तत्त्व प्रबळ आहे. त्यामुळे खरा मालकही स्वसंरक्षणार्थ अनेक वर्गांत नाव अडवून ठेवतो आणि भुरटे अर्जदार दुसऱ्याचे नाव आधीच पळवितात. त्यात शुल्क २०१७ मध्ये निम्म्याने घटून तीनशे युआनवर आले. अखेर वापराचा हेतू नसलेले दुष्ट हेतूचे अर्ज फेटाळण्याची तरतूद चीनला २०१९ मध्ये कायद्यातच करावी लागली. भारतीय कायदा मात्र पूर्वापार वापरास मान देतो. नोंदणी नसलेल्या दुकानदारालाही न्यायालयाचे दार ठोठावता येते. भारतातील आकडा लहान राहण्यामागे हेही एक कारण आहे.

भारताच्या आकड्यातील खरी बाब निराळीच आहे. २०२३ मधील जवळपास नव्वद टक्के मागणी निवासी अर्जदारांची होती आणि तिचा सुमारे निम्मा भाग आरोग्य, शेती व वस्त्रे या क्षेत्रांतला होता. म्हणजे मसाले, औषधे, कपडे विकणारा देशी व्यावसायिक आता नावाची किंमत ओळखू लागला आहे. २०१७ च्या नियमांनी अर्जांचे नमुने ७४ वरून ८ वर आणले आणि लघुउद्योगांना शुल्कात निम्मी सवलत दिली. त्याचा लाभ याच वर्गाला झाला.

परंतु अर्ज स्वीकारणे सोपे, न्याय देणे कठीण. मार्च २०१६ मध्ये नोंदणी कार्यालयाने लाखाहून अधिक प्रलंबित अर्ज अल्पावधीत 'परित्यक्त' ठरविले. एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. चेन्नईत मुख्यालय असलेले बौद्धिक संपदा अपील मंडळ २०१६ ते २०१८ या काळात दीड वर्षाहून अधिक अध्यक्षाविना राहिले आणि एप्रिल २०२१ मध्ये बरखास्त झाले. त्याची प्रकरणे उच्च न्यायालयांकडे गेली. दिल्लीपाठोपाठ मद्रास उच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग उभारला. परंतु मधल्या काळात खोळंबलेल्या अर्जदाराची वर्षे भरून निघत नाहीत. मोठी कंपनी वकिलाच्या बळावर थांबू शकते. लहान उत्पादकाला मात्र तोवर नाव बदलावे लागते, किंवा धंदा.

चीनची संख्या गाठणे हे भारताचे उद्दिष्ट असण्याचे कारण नाही. दाखल झालेल्या चिन्हांपैकी किती तपासली गेली, किती आक्षेप मुदतीत निकाली निघाले आणि किती चिन्हे बाजारात खरोखर वापरात आहेत, हे आकडे दरवर्षी तितक्याच अभिमानाने जाहीर व्हावयास हवेत. शर्यत लावायचीच, तर ती या आकड्यांची लावावी.