इन्शुरन्सला मेलेली, आरटीओला जिवंत

दोन महिन्यांपूर्वी पुतण्याचा फोन आला. "काका, रविवारी मोकळे आहात का? एक गाडी बघायला जायचंय. तुम्हाला पत्र्यातलं कळतं."

पत्र्यातलं कळतं हे खरं. मुसळगावच्या वसाहतीत माझं बावीस वर्षं शीट मेटलचं जॉबवर्क चालू आहे. पॅनल, बॉक्स, मशीनचे गार्ड. गाड्यांमधलं मला फार कळत नाही, पण ठोकून सरळ केलेला पत्रा आणि मुळातला पत्रा यातला फरक हात फिरवला की समजतो.

गाडी कुठली, तर ऑडी टीटी. दोन दारांची, लाल. मुंबईच्या बाजूला एका यार्डात उभी, "फ्रंट लेफ्ट थोडं लागलेलं, बाकी टकाटक". मागणी साडेनऊ लाख. ही गाडी २०१५ साली आपल्याकडे आली तेव्हा शोरूमची किंमत साठ लाखांच्या वर होती. साठ लाखांची गाडी साडेनऊला म्हटल्यावर कोणाचंही मन चळेल. माझंही चळलं, खोटं कशाला बोलू.

आता इथे लगेच कमेंटमध्ये "गुंठामंत्री" हा शब्द येणार, म्हणून आधीच सांगतो. आमच्या भावकीतली जमीन समृद्धीत गेली. त्या पैशात भावाने बोअर केलं, घर बांधलं, पोरीचं लग्न लावलं. उरलेल्याची एक एफडी, ती या वर्षी सुटली. बारा लाख. पुतण्याचे दोन पिकअप कंपन्यांच्या मालावर चालतात, हप्ते वेळेवर जातात. त्याचा हिशोब असा: साडेनऊला घ्यायची, दोन-अडीच लाख लावून नीट करायची, वर्षभर हौस भागवायची आणि सतरा-अठराला काढायची. यात वेडेपणा काय आहे? मुंबईतला माणूस जुनी गाडी दुरुस्त करून विकतो तेव्हा त्याला छंद म्हणतात. सिन्नरच्या पोराने केलं की माज. रस्त्यासाठी जमीन आम्ही द्यायची आणि त्या रस्त्यावर चांगली गाडी कोणी चालवायची, हेही दुसऱ्यानेच ठरवायचं का?

तर रविवारी निघालो. गोंद्याला समृद्धीवर चढलो की आमण्यापर्यंत रस्ता सलग आहे, ५ जून २०२५ पासून. पुतण्या गाडी चालवता चालवता सारखा म्हणत होता, "काका, टीटी असती ना, तर आत्ता आपण..." या रस्त्यावर कारची मर्यादा ताशी १२० आहे हे त्याला माहीत आहे. टीटी कितीवर जाते हेही.

यार्डात गेल्यावर पोराने खिशातून लोहचुंबक काढलं. व्हिडिओत बघितलं होतं, की जिथे पुट्टी भरलेली असते तिथे चुंबक चिकटत नाही. बॉनेटवर लावलं, पडलं. दारावर लावलं, पडलं. मागच्या बाजूला, तिथेही पडलं. त्याचा चेहरा उतरला. "काका, सगळी गाडीच पुट्टीची आहे!"

मला हसू आवरेना. या गाडीचा बाहेरचा सगळा पत्रा ॲल्युमिनियमचा असतो. चुंबक चिकटणार कसं?

पण इथेच खरी अडचण सुरू होते. लोखंडी पत्रा गरम करून, ठोकून, ओढून बऱ्यापैकी जागेवर आणता येतो. ॲल्युमिनियम तेवढं सहन करत नाही, ताणलं की चिरतं. वेल्डिंग आर्गनवर करावं लागतं, हत्यारं वेगळी ठेवावी लागतात, कारण लोखंडाची भुकटी त्यात रुतून बसली तर पुढे तिथूनच पत्रा खराब होतो. नेहमीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याचं हे काम नाही. तो पुट्टी भरतो आणि रंग मारतो.

आमच्या शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याकडून मी थराची जाडी मोजायचं मीटर नेलं होतं, ते ॲल्युमिनियमवरही चालतं. उजव्या दारावर १२० मायक्रॉन. छतावर ११०. डाव्या फेंडरवर ७४०. डाव्या दाराच्या पुढच्या भागात ६००. "थोडं लागलेलं" ते हे.

मग आत बसलो. चावी फिरवली, एअरबॅगचा दिवा लागला आणि विझला. विकणारा म्हणाला, "बघा साहेब, एकही एरर नाही." मला बरं वाटलं, पण डॅशबोर्डचा डावा भाग उजव्यापेक्षा जरा जास्त काळा दिसत होता. डाव्या सीटचा पट्टा ओढला तर अर्ध्यावर अडकला. पुन्हा ओढला, हलेना. अपघातात एअरबॅग फुटते त्याच क्षणी पट्टा आवळणारं यंत्रही उडतं, आणि एकदा उडालं की तो पट्टा बदलावाच लागतो. नवी एअरबॅग महाग म्हणून तिच्या जागी एक रेझिस्टर बसवायचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं बॅग जागेवर आहे आणि दिवा शहाण्यासारखा विझतो. ही युक्ती या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. या गाडीत तसं केलंच होतं असं मी म्हणत नाही. डॅशबोर्ड उघडल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि उघडायला त्याने नकार दिला.

त्या डाव्या सीटवर पुतण्याची बायको बसणार होती.

इथपर्यंतची गोष्ट घरगुती आहे. पोस्ट लिहायचं कारण पुढचं. या गाडीला काय झालं होतं हे कळावं म्हणून आम्ही पुढचे दहा दिवस खटपट केली, आणि आपल्या व्यवस्थेत ते सांगायला कोणीही बांधील नाही असं लक्षात आलं.

एमपरिवहनवर नंबर टाकला. आरसी ॲक्टिव्ह. कर्जाचा बोजा नाही. विमा संपलेला. अपघात, क्लेम, टोटल लॉस यातलं काहीच नाही, कारण तसा रकानाच नाही. विमा कंपनीला फोन केला, तर माहिती फक्त पॉलिसीधारकाला देतो म्हणाले. पॉलिसीधारक म्हणजे मुंबईतली एक कंपनी, तिचा फोन लागत नाही. विकणाऱ्याकडे जुन्या पॉलिसीची प्रत मागितली, कारण तिच्यावर नो क्लेम बोनस किती टक्के ते छापलेलं असतं. पाच-सहा वर्षांच्या गाडीवर तो शून्य दिसला तर कुठेतरी पाणी मुरतंय असं समजायचं. प्रत "सापडत नाही" म्हणाला. फॉर्म २९ आणि ३० मात्र आधीच्या मालकाच्या सह्यांसकट तयार होते, तारखेची जागा कोरी.

आता टोटल लॉस म्हणजे काय ते समजून घ्या, कारण महागड्या गाड्यांच्या बाबतीत सगळी मेख तिथे आहे. विम्याच्या घसाऱ्याच्या कोष्टकात चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतात. साठ लाखांची गाडी, म्हणजे विमा तीस लाखांचा. दुरुस्तीचा खर्च त्याच्या ७५ टक्क्यांवर गेला, म्हणजे साडेबावीस लाखांवर, की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. आयात सुटे भाग, एका हेडलाइटची किंमत लाखात, त्यात एअरबॅगा. हा आकडा गाठायला गाडीचा चेंदामेंदा व्हावा लागत नाही, एक बऱ्यापैकी धडक पुरते. कंपनी मालकाला पैसे देते आणि धूड बोली लावणाऱ्याला जातं. इन्शुरन्सच्या वहीत गाडी मेली.

आरटीओच्या वहीत? मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं, की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी. पण "दुरुस्ती परवडत नाही" आणि "कायमची निकामी" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या फटीतून आरसी जिवंत राहते आणि धुडाबरोबर विकली जाते. जिवंत आरसीला बाजारात किंमत आहे. चोरीच्या गाडीवर टोटल लॉस गाडीचा चेसिस नंबर ठोकून विकणाऱ्या टोळ्या पोलिसांनी देशात कितीदा तरी पकडल्यात. आणि चोरी बाजूला ठेवली तरी, पुट्टी भरून आणि दिवा विझवून तीच गाडी आपल्याला "थोडं लागलेलं" म्हणून मिळते. २६ जुलै २००५ ला मुंबईत बुडालेल्या गाड्या, २०१९ ला सांगली-कोल्हापूरच्या पुरातल्या, त्यातल्या किती आज कोणाच्या दारात उभ्या असतील, त्यांच्या मालकांनाही माहीत नसेल.

अमेरिकेत अशा गाडीच्या मालकीच्या कागदावरच "सॅल्व्हेज" असा शिक्का बसतो. इंग्लंडमध्ये सांगाडा दुखावला असेल तर एक वर्ग, नसेल तर दुसरा, आणि तो वर्ग गाडीला कायमचा चिकटतो. जपानच्या लिलावात प्रत्येक गाडीचा कागद असतो, दुरुस्त केलेलीला "आर". आपल्याकडे माहिती नाही असंही नाही. विमा कंपन्यांचा डेटा गोळा करणारी इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो २००९ पासून हैदराबादेत आहे. वाहन पोर्टल केंद्राचं. विमा संपला की नाही हे त्या पोर्टलवर दिसतंच. त्याच्या शेजारी एक रकाना वाढवायचा: टोटल लॉस, हो किंवा नाही, तारीख. मालकाचं नाव नको, क्लेमची रक्कम नको.

एक मित्र, जो स्वतः जुन्या गाड्यांचा धंदा करतो, मला म्हणाला की असं केलंत तर धुडांना भाव येणार नाही, कंपन्यांचा तोटा वाढेल आणि हप्ते तुमचेच वाढतील. शिवाय व्यवस्थित दुरुस्त केलेली गाडीही बदनाम होईल. पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. पण मग आज तो तोटा कोण भरतंय? शेवटचा, न विचारता घेणारा गिऱ्हाईक. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. नीट दुरुस्त केली असेल तर बिलं दाखव. मी जॉब देताना इन्स्पेक्शन रिपोर्ट जोडतो, माझा माल काय बदनाम होतो का?

१९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शने दोघांचा जीव घेतला. मुलगा, दारू, रक्ताचे नमुने यावर आपण महिनोन्‌महिने बोललो, बोलायलाच हवं होतं. पण ती गाडी पक्क्या नोंदणीशिवाय रस्त्यावर होती, कारण १,७५८ रुपये फी भरायची राहिली होती, ही बातमी एका दिवसात मागे पडली. गाडीचे कागद आपल्याला कोणी मेल्यावरच आठवतात, आणि तेव्हाही थोडाच वेळ.

पुतण्याला मी "घेऊ नको" म्हणालो नाही. पैसे त्याच्या बापाचे आहेत, वय त्याचं एकतीस आहे. मीटरचे आकडे कागदावर लिहून दिले आणि म्हणालो, विकणाऱ्याला सांग, डॅशबोर्ड उघडून दाखव, आणि टोटल लॉस झालेली नाही असं स्टॅम्पपेपरवर लिहून दे. दोन्ही केलं तर घे, मी स्वतः पत्र्याचं काम बघतो. विकणारा हसला म्हणे. "साडेनऊ लाखांत स्टॅम्पपेपर मागता?"

पोरगं चार दिवस कोणाशी धड बोललं नाही. भावाने एफडी पुन्हा लावली, सहा महिन्यांची.

परवा रात्री पुतण्याने मोबाईल पुढे केला. दुसऱ्या एका विक्रेत्याची जाहिरात, दुसऱ्या शहरातली. लाल टीटी. आतल्या फोटोत डॅशबोर्डची डावी बाजू तशीच, जरा जास्त काळी. भाव साडेचौदा लाख. खाली लिहिलं होतं, "सिंगल हँडेड, नॉन-ॲक्सिडेंटल".