साकेच्या प्याल्यातील तांदळाचा हिशेब

१ ऑक्टोबर हा दिवस जपानमध्ये १९७८ पासून 'साके दिन' म्हणून पाळला जातो. शेतातील भात कापणीला आलेले असते आणि नव्या तांदळाचे मद्य घालण्याच्या हंगामाची चाहूल लागलेली असते. २०२५ च्या साके दिनाला एक विशेष संदर्भ होता. डिसेंबर २०२४ मध्ये पॅराग्वेतील असुन्सियोन येथे भरलेल्या बैठकीत युनेस्कोने कोजी बुरशीच्या साहाय्याने मद्य तयार करण्याच्या जपानी ज्ञानपरंपरेचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. या गौरवानंतरचा हा पहिलाच साके दिन. मात्र ज्या तांदळावर ही परंपरा उभी आहे, तो तांदूळ याच काळात इतका महागला की, जपानच्या कृषिमंत्र्यांना पद सोडावे लागले. वारशाचा मान मिळाला आणि कच्चा माल हातातून निसटू लागला, अशा विचित्र पेचात हा व्यवसाय आज सापडला आहे. त्याचे परिणाम ग्राहकाच्या प्याल्यापर्यंत पोहोचणार असल्याने, साकेचे प्रकार समजून घेणे हा आता केवळ रसिकतेचा विषय उरलेला नाही.

जपानी भाषेत 'साके' हा शब्द कोणत्याही मद्यासाठी वापरला जातो. आपण ज्याला साके म्हणतो, त्याला तेथे 'निहोन्शु' म्हणजे जपानी मद्य म्हणतात. बाहेरील देशांत त्याला अनेकदा 'तांदळाची वाईन' म्हटले जाते, पण ते नाव दिशाभूल करणारे आहे. द्राक्षात साखर मुळातच असते, तांदळात असतो तो स्टार्च. वाफवलेल्या तांदळावर कोजी बुरशी वाढवली की ती स्टार्चची साखर करते आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेचे मद्य करीत जाते. दोन्ही क्रिया एकाच वेळी चालत असल्यामुळे ऊर्ध्वपातन न करताही मद्यार्काचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. बाटलीत भरताना पाणी मिसळून ते सहसा १५-१६ टक्क्यांवर आणले जाते.

साकेच्या प्रकारांची नावे प्रथम ऐकताना गोंधळात टाकतात, परंतु त्यांचे सूत्र सोपे आहे. तांदूळ किती सडला आणि त्यात वेगळा मद्यार्क मिसळला की नाही, या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून बहुतेक नावे तयार होतात. दाण्याच्या बाहेरील थरात प्रथिने व स्निग्ध पदार्थ अधिक असतात. ते मद्याला जडपणा आणतात, म्हणून दाणा सडून त्याचा गाभा तेवढा ठेवला जातो. दाण्याचा ६० टक्के किंवा त्याहून कमी भाग शिल्लक ठेवला तर ते 'गिन्जो', ५० टक्के किंवा त्याहून कमी ठेवला तर 'दाइगिन्जो'. केवळ तांदूळ, कोजी आणि पाणी यांपासून केलेले ते 'जुनमाई'. ७० टक्क्यांपर्यंत सडलेल्या तांदळाच्या मद्यात थोडा मद्यार्क मिसळलेले ते 'होन्जोझो'. या श्रेणींत न बसणारे ते 'फुत्सुशु', म्हणजे साधे साके. जपानमध्ये तयार होणाऱ्या साकेचा निम्म्याहून मोठा भाग आजही या साध्या साकेचाच आहे.

ही वर्गवारी केवळ चवीतून जन्मलेली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आणि त्यानंतरच्या काळात तांदळाची भीषण टंचाई होती. तेव्हा थोड्या तांदळात अधिक मद्य काढण्यासाठी मद्यार्क, ग्लुकोज आणि आम्ल मिसळून मूळ मद्याचे प्रमाण तिप्पट करण्याची रीत रूढ झाली. टंचाई संपली तरी रीत संपली नाही. साकेविषयी 'डोके धरायला लावणारे स्वस्त मद्य' असा जो समज एका पिढीत रुजला, त्याचे एक मूळ येथे आहे. असे तिप्पट केलेले मद्य साकेच्या कायदेशीर व्याख्येतून वगळले गेले ते थेट २००६ मध्ये. त्याउलट, अर्धा दाणा सडून टाकणारे दाइगिन्जो हे सुबत्तेचे अपत्य होय. तांदूळ मुबलक आणि ग्राहक सधन असल्याशिवाय असे मद्य बाजारात टिकूच शकत नाही.

हा इतिहास जिभेवरही ओळखता येतो. साकेची पारख करण्यासाठी पांढऱ्या चिनी मातीचा प्याला वापरतात. त्याच्या तळाशी निळ्या रंगाची दोन वर्तुळे असतात. पांढऱ्या भागावरून मद्याचा रंग कळतो आणि निळ्या वर्तुळांच्या कडा किती स्पष्ट दिसतात यावरून त्याची पारदर्शकता. आधी रंग, मग गंध आणि शेवटी घोट, असा क्रम असतो. थंड तापमानात संथ आंबवलेल्या गिन्जोला सफरचंदाचा, केळ्याचा गंध येतो. हा गंध फळांचा नसून यीस्टची किमया असते. गिन्जो १० ते १५ अंश सेल्सिअसला थंड प्यावे, गरम केल्यास त्याचा गंध उडून जातो. जुनमाईत भाताची गोडी आणि भरीवपणा असतो. 'किमोतो' या जुन्या पद्धतीत विरजण नैसर्गिक जिवाणूंच्या आंबटपणावर तयार होते, त्यामुळे त्या मद्याला ठसठशीत आंबट चव येते. ही दोन्ही ४० ते ४५ अंशांपर्यंत कोमट केली की खुलतात. जाडसर गाळलेले, दुधाळ 'निगोरी', पाश्चरीकरण न केल्यामुळे थंडीतच ठेवावे लागणारे 'नामा' आणि वर्षानुवर्षे मुरवलेले, सुक्या मेव्याच्या वासाचे 'कोशु' या आणखी काही परी. नवख्याने हलक्या सुगंधी प्रकारापासून सुरुवात करून भरीव प्रकारांकडे जावे आणि मध्ये पाणी पीत राहावे. सर्वांत महाग बाटली सर्वांत चांगली, हा समज मात्र सोडून द्यावा. तळलेल्या माशाबरोबर दाइगिन्जोपेक्षा कोमट केलेले साधे जुनमाई अधिक शोभते.

आता प्रश्न आहे तो तांदळाचा. २०२४ च्या प्रारंभी जपानमधील सुपरमार्केटांत ५ किलो तांदूळ सुमारे २,००० येनला मिळत होता. २०२५ च्या मे महिन्यात हाच दर ४,२०० येनच्या वर गेला. २०२३ च्या तीव्र उन्हाळ्यात पिकाची प्रत घसरली होती. १९७० पासून सुमारे अर्धशतक सरकारनेच भाताखालील क्षेत्र कमी करण्याचे धोरण राबविले होते, त्यामुळे पुरवठ्यात सैलपणा उरला नव्हता. मार्च २०२५ पासून सरकारला राखीव साठा बाजारात आणावा लागला. आपल्याला समर्थक तांदूळ देतात, तो विकत घ्यावा लागत नाही, असे विधान करणारे कृषिमंत्री ताकू एतो यांना मेमध्ये राजीनामा द्यावा लागला.

साकेसाठी खास वाणांचा तांदूळ लागतो. १९३६ मध्ये नामकरण झालेला ह्योगो प्रांतातील 'यामादा निशिकी' हा त्यांतील अग्रणी. त्याचा दाणा मोठा असतो, गाभा पांढरा व भुसभुशीत. पण रोप उंच वाढते आणि वाऱ्यापावसात सहज आडवे होते. इतकी जोखीम घेऊन शेतकरी हे वाण लावत होता, कारण त्याला साध्या तांदळापेक्षा अधिक भाव मिळे. जेवणाच्या तांदळाचाच भाव त्याच्या बरोबरीला आला, काही ठिकाणी पुढे गेला, तेव्हा शेतकऱ्याने सोपे पीक निवडावे यात नवल नाही. साध्या साकेसाठी वापरला जाणारा स्वस्त तांदूळही याच ओढीत सापडला. महागड्या बाटलीचा निर्माता दरवाढ ग्राहकावर टाकू शकतो, शेजारच्या गावकऱ्याला रोजचे मद्य विकणारा छोटा कारखानदार टाकू शकत नाही. फटका बसतो तो नेमका त्याला.

हा कारखानदार आधीच खचलेला आहे. १९७३ मध्ये जपानमधील साकेचा खप सुमारे १७ लाख किलोलिटर होता, आज तो त्याच्या पावपटही उरलेला नाही. तरुणांनी मद्याकडे वळावे म्हणून २०२२ मध्ये राष्ट्रीय कर विभागानेच स्पर्धा जाहीर केली आणि आरोग्याचा विचार न केल्याबद्दल टीका ओढवून घेतली. देशांतर्गत विक्रीसाठी नवे परवाने कित्येक दशके जवळपास बंद आहेत. २०२१ पासून नवे परवाने मिळू लागले, ते केवळ निर्यातीसाठी. निर्यात मात्र २०२४ मध्ये सुमारे ४३.५ अब्ज येनच्या घरात होती आणि तिचा भर उंची मालावर आहे.

या साऱ्याचा कल एकाच दिशेला जातो. परदेशी उपाहारगृहांत दाइगिन्जो मिरवत राहील आणि गावागावांतील साधे साके हळूहळू लोप पावेल. परंतु युनेस्कोने गौरविली ती परंपरा केवळ उंची बाटलीची नाही. सण, विवाह आणि शिंतो मंदिरांतील विधी यांच्याशी जोडलेले मद्य, उन्हाळ्यात शेती आणि हिवाळ्यात मद्यनिर्मिती करणाऱ्या 'तोजी' कारागिरांच्या पिढ्या, असा तिचा विस्तार आहे. कमी सडलेल्या तांदळाचे चवदार साके करणे हा निर्मात्यांपुढील एक मार्ग आहे आणि काहींनी तो धरलाही आहे. तथापि शेतकऱ्याशी दीर्घ मुदतीचा, परवडणाऱ्या भावाचा करार झाल्याशिवाय तो फार दूर नेणार नाही.

गोव्यातील वाचकाला ही कथा परकी वाटू नये. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, २०१६ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. तरीही बोंडू गोळा करणारे हात कमी होत आहेत आणि काजूच्या बागांवर जमिनीच्या वाढत्या भावाचे सावट आहे. आकर्षक बाटलीतील फेणी शहरातील बारमध्ये दिसू लागली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण बोंडू, निरो, हुर्राक आणि फेणी ही साखळी सुरू होते ती बागेत. साकेची सुरुवात जशी भातशेतीत होते, तशीच. वारशाचा दर्जा देणाऱ्या शासनाने भट्टीवाल्याइतकेच बागायतदाराकडेही लक्ष द्यावयास हवे, हे जपानच्या अनुभवावरून गोव्याला वेळीच कळले तर बरे.