मनातला सवंगडी आणि मधला दलाल

देव मानणे म्हणजे लहान पोराने मनातल्या मनात सवंगडी कल्पून त्याच्याशी बोलत बसणे, असे काही शिकलेली मंडळी म्हणतात. हे ऐकून भाविकांस राग येतो. आमचे म्हणणे इतकेच की, रागावण्यापूर्वी नाणे वाजवून पाहावे.

बांधावर एकटे खेळणारे पोर दगडाला पाहुणा करिते, त्याला मातीची भाकर वाढते, त्याच्याशी भांडतेही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर व त्यांचे सहकारी यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सात वर्षांच्या वयापर्यंत शंभरांपैकी सुमारे ६५ मुलांनी असा सवंगडी केव्हा ना केव्हा बाळगल्याचे आढळले. म्हणजे यात वेडेपणा नाही. शिवाय पोराला खेळ कोणता व खरे कोणते हे कळते. भूक लागली म्हणजे ते मातीची भाकर टाकून आईकडेच धावते!

आणि आम्ही मोठी माणसे? लेकराला साप चावला तर त्याला देवळाच्या पायरीवर निजवितो, अंगारा लावितो, मांत्रिकापुढे कोंबडे ठेवितो. विष काही मंत्राची वाट पाहत थांबत नाही. मग शहाणे कोण, पोर की बाप?

दुसराही भेद आहे. पोराचा सवंगडी दक्षिणा मागत नाही. त्याच्या वतीने बोलणारा दलालही कोणी नसतो. आमच्या देवाच्या दाराशी मात्र दलालांची रांग! जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला, तो हीच दलाली मोडण्यास. ते स्वतः निर्मीकास मानीत. पण निर्मीक व माणूस यांच्यामध्ये तिसरा नको, हा त्यांचा आग्रह होता.

एखादी माउली रात्री देवापुढे बसून आपले दुःख सांगते व तिचे मन हलके होते. तिला हसण्याचा अधिकार कोणास नाही. तिच्या दुःखावर जो पैसा करितो, त्याचा हात मात्र धरलाच पाहिजे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू वा कुत्रा चावलेल्यास औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला आहे.

बंधुभगिनींनो, देव आहे की नाही याचा निकाल ज्याने त्याने आपल्या बुद्धीने सावकाश करावा. साप चावल्यावर मात्र सवड नसते. मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठा. वाटेत देवाचे नाव घेतलेत तर आमची हरकत नाही. वाट तेवढी दवाखान्याची असू द्या.