स्पॅनिश शिका, पण मराठीतून

मंडळी, एक मत मांडतो, पटलं तर घ्या. मराठी माध्यमातल्या पोराला स्पॅनिश शिकायची असेल, तर "आधी इंग्रजी पक्कं कर" असं सांगणं हा उफराटा न्याय आहे. आमच्या नारायणगडाकडच्या (जि. बीड) माझ्या भाच्याला शहरातल्या एका क्लासात हेच ऐकवलं. पोरगं हिरमुसून परत आलं. तेव्हापासून आम्ही दोघं मराठीतूनच शिकतोय. मीही नवशिकाच!

आता गंमत बघा. 'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे मला आंबा आवडतो. आंबे जास्त झाले की 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्याच्या मागे गेलं! 'आय लाइक'ची सवय असलेल्याला इथे डोकं खाजवावं लागतं, कारण तिथे कर्ता 'मी'. आपल्याला 'मला आवडतं' पाळण्यापासून ठाऊक. चालून पाय दुखले तर 'मे दुएलेन लोस पिएस', इथेही क्रियापद पायांचंच.

'आब्लार' म्हणजे बोलणे. आब्लो (बोलतो मी), आब्लास (बोलतोस), आब्ला (बोलतो किंवा बोलते), आब्लामोस (बोलतो आम्ही). शेवटावरून माणूस कळतो, म्हणून 'मी-तू' गाळलं तरी चालतं. आपणही नुसतं "येतोस का?" विचारतोच की. शिवाय बाई-पुरुष भेद क्रियापदात नाही, तेवढा त्रास वाचला. आणि 'तू'ला स्पॅनिशमध्ये 'तू'च म्हणतात! मोठ्या माणसाला मानाचं 'उस्तेद'. इंग्रजीत मात्र आजोबा आणि नातू दोघेही 'यू'. 'पागार' म्हणजे पैसे देणे. आपला 'पगार' पोर्तुगीजांकडून आला, तो याच कुळातला.

अडतं ते 'आहे'पाशी. 'सोय दे नारायणगड' म्हणजे मी नारायणगडचा आहे, पण 'एस्तोय एन बीड' म्हणजे मी आत्ता बीडमध्ये आहे. आपल्याला दोन्हीकडे एकच 'आहे', त्यामुळे घोटवावं लागतं. पण 'अ‍ॅम'वाल्यांचीही तीच गत. शब्द लक्षात ठेवायला इंग्रजी कामी येतं, हे मी नाकारत नाही. व्याकरणाला मात्र मायबोली जवळची.

आणि हे काही नवं खूळ नाही. थॉमस स्टीफन्स हा पाद्री मूळचा इंग्रज. त्याने लिहिलेलं कोकणीचं व्याकरण १६४० साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं, ते पोर्तुगीज भाषेत. कारण शिकणाऱ्यांना पोर्तुगीज येत होती. शिकणाऱ्याला कळेल त्या भाषेत शिकवावं, इतकी साधी गोष्ट. नारायणगडाला धाकटी पंढरी म्हणतात. तिथे कीर्तन ऐकत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. गीता मराठीत सांगणारी ज्ञानेश्वरी १२९० सालची, मग 'आब्लार' मराठीत सांगायला कसली अडचण?

वीसेक देशांत चालणारी भाषा आहे ही. तिच्या दारात आमच्या पोरांना इंग्रजीची पावती का मागायची? मराठीतून शिकवणारी छोटी, स्वस्त पुस्तकं आणि तालुक्याच्या गावी तसे वर्ग निघायला हवेत. जाणकारांनी मनावर घ्यावं. तोवर आमची दोनशे पानी वही भरतेच आहे. सुट्टीत गावी येणाऱ्या भाचरांनी ती खुशाल उतरवून घ्यावी.